मिश्राजींचा बर्फ

१८ जून ७९, सोमवार
दिसली! आज फुलं दिसली!! दोन आठवडे नुसती बोंब होती. मी रेहानाला मिठीच मारली. (रेहाना लॅबमधली माझी जोडीदारीण. लखनौच्या जुन्या चौकात घर, जिभेवर साखर, पण पिपेट हातात घेतली की कोणाची भीड ठेवत नाही.)
माझंच रक्त, आपल्या लॅबच्या मेंढीच्या तांबड्या पेशी, एक रात्र फ्रिजमध्ये. सकाळी बघते तर मधे एक पांढरी पेशी आणि भोवती मेंढीच्या पेशी चिकटून बसलेल्या. हुबेहूब झेंडू. इंग्रजीत म्हणतात गुलाब, म्हणोत.
बसमध्ये सरोजिनी नगरपर्यंत उभी. लू, म्हणजे इथला गरम वारा, अशी की तोंडावर कोणी तवा धरलाय. पण गात आले.
रात्री मन्याला समजावलं: रक्तात पांढरे शिपाई असतात, त्यांच्या दोन पलटणी, टी आणि बी. दिसायला सारख्याच. पण मेंढीच्या पेशी फक्त टीवाल्यांना चिकटतात, म्हणून टी ओळखू येतात. फुलं मोजायची, म्हणजे टी मोजले. चिरंजीव म्हणाले, "आई, आप भेड़ से गिनती करवाती हैं?" सात वर्षांचा आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र लखनवी. आईला आप! मिरजेला आजी ऐकेल तर फेफरं येईल.
हे म्हणाले, "दहा वर्षांनी तुझ्या एमेस्सीचा उपयोग झाला म्हणायचा." तीन बदल्या कोणासाठी केल्या मी? भांडण उद्यावर टाकलं. आज दिवस चांगला होता.

२६ जून, मंगळवार
काल वॉर्डातले पहिले नमुने आले. क्षयाच्या पेशंटांत टी कमी असतात का, हा आमचा प्रश्न. डॉ. माथुर (आमचे सर. उंच, विसराळू, पान खाऊन इंग्रजी बोलतात) म्हणतात, कमीच असणार, फक्त दाखवायचं आहे.
वॉर्ड चौकापलीकडे, लॅब इकडे. मधे रिक्षाचा रस्ता आणि हे ऊन. सकाळी राउंडनंतर मी सुया टोचून रक्त काढते आणि लगेच लॅबकडे पळते, मेंढीचं बघायला. नळ्या मागाहून मिश्राजी आणतात. मिश्राजी वॉर्डातले जुने कर्मचारी, कपाळाला गंध, बोलणं असं की आपलीच आपल्याला लाज वाटावी. मी एवढंच म्हटलं, "मिश्राजी, जरा गर्मी से बचाइएगा." ते म्हणाले, "बिटिया, आपकी अमानत है."
आज बघते तर नळ्या टिफिनच्या डब्यात, भोवती बर्फ, बर्फावर लाकडाचा भुसा, वर ओलं गोणपाट! शरबतवाल्याकडून स्वतः फोडून आणला म्हणे. पैसे देऊ केले तर कानाला हात लावले. मी आणि रेहाना बघतच राहिलो. याला म्हणतात काम.

१० जुलै, मंगळवार
कमी!! पेशंटांची फुलं कमी. थोडीथोडकी नाही, आमच्या निम्मीसुद्धा नाहीत. 'आमची' म्हणजे लॅबमधल्या निरोगी मंडळींची. शेजारच्या खोलीत बसवून रक्त काढलं की ताबडतोब लावतो. माझी नेहमी भरपूर. रेहाना म्हणते, "मराठा फौज है आपकी."
सरांनी तीनदा स्वतः मोजलं. मग पान आणायला स्वतः खाली गेले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर पाहिला नव्हता.
पाऊस नाही. सगळे आकाशाकडे बघून शिव्या घालतात.

३० जुलै, सोमवार
जरीनाचं रक्त दुसऱ्यांदा. बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची कॉट. वीस-एकवीसची असेल, घरी चिकनकारीचं भरतकाम करते. इथेही टोपीवर पांढरा दोरा चालूच असतो. हिवाळ्यात लग्न ठरलेलं आहे, त्याचा दुपट्टाही स्वतःच भरतेय. तो उशीखाली. इंजेक्शनांनी ताप उतरलाय, चेहरा भरलाय. माझ्याशी गट्टी.
"बाजी, आप हमारे खून का करती क्या हैं?"
मी सांगितलं सगळं, मन्याला सांगितलं तसंच. शिपाई, पलटणी, फुलं. ऐकताना डोळे मोठे झाले.
"तो हमारे कितने फूल हैं?"
"तेरे तो बहुत कम हैं, इसीलिए खाया कर ठीक से," मी म्हटलं. दूध ती अर्धं टाकून देते, म्हणून म्हटलं. जरा दम द्यावा या हेतूनं.
सुई टोपीत खोचून ठेवली तिनं. मग म्हणाली, "अच्छा." दूध प्यायली खरं सगळं.

२८ ऑगस्ट, मंगळवार
गोषवारा गेला! डिसेंबरात दिल्लीला परिषद आहे, तिथे वाचायचा. आणि पहिलं नाव माझं. माझं!! सरांनी टाइप झालेला कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, "मिसेज जोगळेकर, बोलेंगी आप ही." नाव पुन्हा पुन्हा वाचलं. घरी यांना दाखवलं. हे उठून आत गेले आणि कपाटातली चांगली कपबशी काढून त्यात मला चहा करून दिला. चहा भयंकर होता. प्यायले.
रेहानाने ईदची सेवई आणली, डबा मन्यानेच संपवला.
जरीनाला सेवई न्यायला गेले तर कॉटवर नुसती पडून. दोरा-बिरा काही नाही. म्हटलं, टोपी कुठाय? "मन नहीं करता, बाजी." डॉक्टर तर म्हणतात छान चाललंय, छातीच्या फोटोत डाग कमी आहेत. मग ही अशी का?

११ सप्टेंबर, मंगळवार
गोंधळ! कालच्या तिन्ही पेशंटांची फुलं भरपूर. माझ्याइतकी. नळ्या बदलल्या म्हणून रेहानावर ओरडले. तिनं शांतपणे लेबलं दाखवली. लेबलं बरोबर होती. माफी मागितली. तिनं अजून दिलेली नाही, उद्या देईल.
मिश्राजी पितरांचं करायला गयेला गेलेत. त्यांच्या जागी जो बदलीचा माणूस आहे, तो एक नंबरचा आळशी. नळ्या कुर्त्याच्या खिशात घालून, वाटेत चहा पिऊन, घामाघूम येतो. बर्फ वगैरे नाव नको. मी चिडले तर म्हणतो, "टूटी तो नहीं न, मैडम?" सर म्हणाले, हे तीन धरू नकोस, उन्हाने खराब झाले असतील.
पण उन्हाने खराब झाले तर फुलं कमी व्हायला हवीत. जास्त कशी?
मनात एक किडा शिरलाय.

१४ सप्टेंबर, शुक्रवार
पुन्हा खिशातून. पुन्हा भरपूर.
जेवण गेलं नाही. हे म्हणाले, "मेंढी आजारी आहे का?" मी हसले, पण हसू आलं नव्हतं.

२४ सप्टेंबर, सोमवार
मिश्राजी परत. माझ्यासाठी गयेचा तिलकुट. नळ्या पुन्हा बर्फात, भुसा, गोणपाट, सगळं साग्रसंगीत.
मी आज एक उद्योग केला, कोणाला न सांगता. सकाळी वॉर्डात रेहानाकडून माझं स्वतःचं रक्त काढून घेतलं, दोन नळ्या. एक मिश्राजींच्या डब्यात पेशंटांच्या नळ्यांबरोबर गुपचूप सरकवली. दुसरी ब्लाउजमध्ये. रिक्षात बसले. रेहाना म्हणाली, "या अल्लाह, ये साइंस है?" म्हटलं, हो बाई, हेच आहे.
एकच बाई, एकच हात, एकच सुई. दोन्ही एकाच वेळी लावल्या. आता फ्रिजमध्ये आहेत. देवा.

२५ सप्टेंबर, मंगळवार
ब्लाउजमधली: भरपूर. मराठा फौज.
बर्फातली: जेमतेम निम्मी. पेशंटांसारखीच.
म्हणजे मला क्षय झाला का? डब्यात बसून?
पुन्हा मोजलं. रेहानाने मोजलं. ती खुर्चीतच बसली.
बर्फानं खाल्ली फुलं. अख्खं रक्त बर्फात ठेवलं की टी पेशी आमच्या हाताला लागतच नाहीत, पांढऱ्या पेशी वेगळ्या काढताना कुठेतरी मधेच अडकून राहतात. का ते कळत नाही. आणि आम्हाला शंका आली नाही, कारण शेवटी फुलं धरतात ती फ्रिजच्याच थंडीत! थंडी म्हणजे चांगली, हे डोक्यात इतकं पक्कं होतं. पेशंटांचं सगळं बर्फातून, आमचं सगळं शेजारच्या खोलीतून. मग फरक दिसणार नाही तर काय होणार! गाढव. गाढव मी.
गर्मी से बचाइएगा, हे कोण म्हणालं होतं? मीच.
बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुऊन मेंढीला चारा घातला.

२८ सप्टेंबर, शुक्रवार
काल सरांना सांगितलं. आधी ऐकलंच नाही. मग म्हणाले, एका माणसावरून काय ठरतं. मी म्हटलं, तुमचं काढू? बाही वर केली त्यांनी! शेजारच्या खोलीतली दोघंही रक्त द्यायला बसली. सर्वांचं अर्धं बर्फात, अर्धं बाहेर.
आज निकाल. सर्वांचं तेच. सर स्वतःची बर्फातली नळी मोजून उठले, चष्मा पुसत म्हणाले, "तो हम भी मरीज हो गए." आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मला वाटलं होतं आरडाओरडा करतील. मग गोषवाऱ्याचा कागद काढून, घडी घालून खिशात ठेवला. ते जास्त वाईट होतं.
शेवटी म्हणाले, दिल्लीपर्यंत वेळ आहे, सगळं नव्यानं करा, बर्फाशिवाय. फरक उरला तर बोलू.
आणि नाही उरला तर? 

४ ऑक्टोबर, गुरुवार
मिश्राजींना सांगणं हे सरांना सांगण्यापेक्षा अवघड. आठवडाभर टाळलं. आज डबा घेऊन आलेच. बर्फ चकचकीत. म्हटलं, "मिश्राजी, अब मौसम ठीक है, बर्फ की तकलीफ न कीजिए." ते म्हणाले, "तकलीफ कैसी, बिटिया, आदत हो गई है." मग सांगितलंच सगळं.  डब्याकडे बघितलं.
"तो हमने बिगाड़ा?"
"आपने नहीं, मैंने कहा था."
"आपने तो बचाने को कहा था," म्हणाले. मग डब्यातला बर्फ मोरीत ओतला आणि नळ्या धोतराच्या सोग्यात धरून निघाले, इतक्या जपून की मला वाटलं आता अंडी उबवतायत. मिश्राजी ते मिश्राजीच.
घरी आले तर ह्यांच्या हातात पत्र. बदली. आसामात, जोरहाटला. जानेवारीत हजर व्हायचं.
ओरडले मी. जोरात. मन्या घाबरला. हे म्हणाले, "अगं, मी मागितली का ती?" खरंय. पण ओरडायला दुसरं कोण होतं घरात?

२५ ऑक्टोबर, गुरुवार
फराळाचं सगळं लॅबमध्ये नेलं. चकल्या मोडक्या, तरी सरांनी चार खाल्ल्या. मंडळी खूष. रेहाना चिवड्याला 'नमकीन' म्हणते, मी दर वेळी भांडते.
बर्फाशिवायचे निकाल येताहेत. काहींची फुलं माझ्याइतकी. काहींची खरंच कमी. उन्हाळ्यात दिसला तसा सरळ फरक नाहीच. ज्यांची तब्येत जास्त बिघडलेली त्यांची कमी असं वाटतं, पण मग एक ठणठणीत म्हातारा येतो, त्याचीही कमी. चिडचिड. उन्हाळ्यातलं उत्तर किती सोपं होतं! खोटं होतं म्हणूनच एवढं सोपं.
जोरहाटचं ठरलं. हे आधी जातील, मी आणि मन्या मार्चपर्यंत इथेच. हेच म्हणाले आपणहून. "अर्धं सोडून आलीस तर जोरहाटला मलाच ऐकावं लागेल." एवढ्यासाठी भयंकर चहासुद्धा माफ.

१२ नोव्हेंबर, सोमवार
जरीनाला पुढच्या आठवड्यात घरी सोडणार. थुंकीत जंतू नाहीत, वजन वाढलंय, डॉक्टर खूष. ती नाही. तिची आई दारात भेटली, रडवेली. मुलगी म्हणते लग्न मोडा, मी वर्ष काढणार नाही, बाजींनी खून में देखा है.
बाजींनी.
 उशीखालचा दुपट्टा तिनं आईच्या हाती कधीच परत पाठवला होता. ऑगस्टपासून. सेवई घेऊन गेले होते, तेव्हाच. आणि मी रोजनिशीत लिहिलं होतं, ही अशी का!
कॉटवर बसले आणि सांगितलं. तेव्हाचा आकडा चुकीचा होता. तुझ्या रक्तात दोष नव्हता, आमच्या बर्फात होता.
वाटलं होतं, रडेल, गळ्यात पडेल. कसलं काय! उठून बसली, डोळे लाल.
"तो इतने महीने हम बर्फ से मर रहे थे?"
सगळा वॉर्ड बघायला लागला. "आपके लिए गिनती थी. हम तो यहाँ लेटे लेटे कफन का सोच रहे थे. किसी और से ऐसा कहा है आपने?"
नाही. देवाशपथ नाही. फक्त तुलाच, कारण तू आवडतेस म्हणून. हे म्हटलं तर आणखीच भडकली. बरोबर होतं तिचं. ऐकून घेतलं, मान खाली घालून.
निघताना म्हटलं, पुन्हा एकदा मोजू? बर्फाशिवाय?
"गिनेंगी आप, और बताएँगी भी आप. नहीं. अबकी हम खुद देखेंगे."

३ डिसेंबर, सोमवार
उद्या रात्रीची दिल्लीची गाडी. सर म्हणतात, नवे निकाल वाच, थोडे आहेत पण खरे आहेत. बर्फाचं शेवटी सांग, वेळ उरला तर. मी म्हणते बर्फाचं आधी. किती लॅबमध्ये किती मिश्राजी असतील आत्ता! सर म्हणाले, "लोग हँसेंगे." म्हटलं, तुम्हीही हसलातच की. अजून ठरलेलं नाही. स्लाइडी दोन्ही क्रमांनी लावून बघितल्या, आणि मग...
ते असो. आज जरीना आली! आईला घेऊन, बुरखा, वर शाल, रिक्षातून. त्या दिवशी वॉर्डात नुसती आग होती, आज जरा निवळलेली. रक्त काल घरी जाऊन मीच काढलं होतं आणि शालीत धरून आणलं. रेहानाने चहा आणला, आईला सरांच्या खुर्चीत बसवलं. सर उभे!
सूक्ष्मदर्शकात आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. "ये काले काले क्या हैं?" आम्ही सगळे हसलो. तीही. मग दिसलं.  डोळा हलवेना.
"ये हमारा है?"
तुझंच. भोवतीच्या तांबड्या तेवढ्या मेंढीच्या.
"ये वाला फूल है. ये नहीं है. ये... ये है." बोट हवेत. मी त्याच्याच दुसऱ्या नळकांड्यातून बघत मोजत होते. तिनं एकही चुकवलं नाही, सुईची नजर. निघाली उन्हाळ्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त. माझ्याइतकी नाहीत. मधेच कुठेतरी.
तिनं डोळा काढला. "तो? कम हैं कि ठीक हैं?"
आई माझ्याकडे बघतेय. सर माझ्याकडे बघतायत. ठीक आहेत, एवढं म्हणायला काय जात होतं? जिभेवर आलंच होतं. लग्न आहे पोरीचं. पण तेव्हाही असंच पटकन म्हटलं होतं मी, तिच्या भल्यासाठीच.
"मालूम नहीं," म्हटलं. "तू ठीक है, ये डॉक्टर कहते हैं, फोटो कहता है. फूल क्या कहते हैं, ये हमको अभी मालूम नहीं. पता कर रहे हैं."
 मला वाटलं, आता पुन्हा ओरडेल.
"ये आपने पहली दफा कहा," म्हणाली. आणि बुरखा मागे सारून पुन्हा डोळा लावला. "जरा उधर सरकाइए, बाजी. उस कोने में और हैं."